अदिस अबाबाचे वऱ्हाडपांडे

अमेरिकेत मिनियापोलिसजवळच्या ईडन प्रेरीत आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात शेजारच्या वऱ्हाडपांडे काकांनी आम्हाला जेवायला बोलावलं. "शनिवारी एक वाजता," असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. मी पुण्याचा. एकला पाच कमी असताना बायको, मुलगी आणि काजूकतलीचा बॉक्स घेऊन आम्ही दारात उभे. काकांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या अंगात बनियन होतं आणि हातात स्क्रूड्रायव्हर. ओशाळणं राहिलं बाजूला, त्यांनी मनगट माझ्या नाकासमोर धरलं आणि म्हणाले, "आता तर कुठे सात वाजून राहिले."

त्यांच्या घड्याळात खरंच सात वाजले होते. मागून काकू धावत आल्या, त्यांनी कपाळाला हात लावला आणि आम्हाला आत घेऊन पोहे टाकले. ते पोहे खाताना मला पहिला धडा मिळाला. अदिस अबाबात, म्हणजे इथियोपियाच्या राजधानीत, दिवस सूर्योदयाला सुरू होतो. आपले सकाळचे सात म्हणजे तिथला एक. सूर्य मावळला की पुन्हा एकपासून मोजायचं. त्यामुळे काकांचा एक म्हणजे आमचे संध्याकाळचे सात. सगळे झोपेत असताना दिवस सुरू करण्यात काय अर्थ आहे, असा त्यांचा सवाल होता. मी म्हटलं, काका, इथे डिसेंबरात सूर्य आठच्या सुमारास उगवतो, मग काय करायचं? इथला सूर्य बेशिस्त आहे, त्याला मी काय करू, असं म्हणून त्यांनी पोह्यांवर लिंबू पिळलं.

काका मूळचे नागपूरचे. साठी ओलांडलेली, इथल्या एका कंपनीत वर्षानुवर्षं डेटाबेस सांभाळून नुकतेच रिटायर झालेले. पण बोलायला लागले की नागपूर कुठच्या कुठे राहायचं. वडील तिकडे हायस्कुलात गणित शिकवायला होते, हे ते पहिल्या पाच मिनिटांत सांगत. त्या काळी इथियोपियातल्या गावोगावच्या शाळांमध्ये भारतीय मास्तर असत. मग सुरू व्हायचं शहर. उत्तरेला एन्तोतोचा डोंगर. त्याच्या पायथ्याशी गरम पाण्याचे झरे. ते राणीला आवडले, म्हणून राजाने डोंगरावरचा मुक्काम खाली आणला, आणि राणीने गावाचं नाव ठेवलं 'नवं फूल'. लोकांनी सरपणासाठी रान इतकं तोडलं की राजधानीच हलवायची वेळ आली, तेव्हा ऑस्ट्रेलियाहून निलगिरी आणून लावली. इटालियन आले, पाच वर्षं राहिले आणि गावातल्या एका भागाला पियात्सा हे नाव ठेवून गेले. हे सगळं काका अशा थाटात सांगत, की जणू राणीला झरा ह्यांनीच दाखवला होता.

प्रत्येक गोष्टीचं कारण त्यांच्याकडे एकच होतं. "उंचीचा प्रश्न आहे ना बाप्पा." शहर साडेसात हजार फुटांवर, म्हणून तिथली कॉफी चांगली, माणसं धावण्यात पहिली, आणि डाळ मात्र शिजता शिजत नाही. आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांचं डोकं चालत नाही ह्याचंही कारण तेच. ईडन प्रेरी पडली सपाट.

त्याच मंडळाने एका गणपतीत काकांना आभारप्रदर्शनाला उभं केलं. पाच मिनिटं ठरली होती. काकांनी पंचेचाळीस मिनिटं निलगिरी लावली. खालून कुणीतरी म्हणालं, "यार, आरती कॅन्सल केली का?" अध्यक्षीणबाई नुकत्याच केनियाची सफारी करून आल्या होत्या. त्यांच्या बोलण्यात आफ्रिका हा एकच देश होता, त्यात सिंह आणि रिसॉर्ट राहत, आणि तो त्यांना फार क्लीन वाटला होता. मी हसलो खरा, पण मीही शाळेत भूगोलात पहिला येऊन आफ्रिकेतल्या तीनपेक्षा जास्त राजधान्या सांगू शकलो नसतो. काका त्या दिवशी माईक सोडता सोडता म्हणाले, की तिथे आडनाव नसतं. आपलं नाव, पुढे बापाचं नाव, संपलं. "मला तिथे बाळकृष्ण गजानन म्हणतील. मिस्टर बाळकृष्ण." एवढ्यात कुणीतरी टाळ सुरू केले.

त्यांच्याबरोबर टॅक्सीत बसणं तर शिक्षाच. आमच्या भागात टॅक्सी चालवणारे पुष्कळ जण इथियोपियाचे. काका सीटबेल्ट लावायच्या आत विचारत, अदिसचे का? कुठला भाग? एकदा ड्रायव्हर पोरगेला होता, मिनियापोलिसमध्येच जन्मलेला. त्याला काकांनी विमानतळ येईपर्यंत अरात किलो चौकातून मेर्कातो बाजारात पायी कसं जायचं ते शिकवलं. चढ कुठे लागतो, बूट कुठे शिवून मिळतात, सगळं. तो बिचारा येस सर, येस सर करत होता. ड्रायव्हर वयस्क असला तर मात्र काकांचा आवाज खाली यायचा. खिशातून ते एक लॅमिनेट केलेलं कार्ड काढत. त्यावर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत 'वऱ्हाडपांडे' लिहिलेलं. ह्या नावाचे मास्तर तुम्हाला गणित शिकवायला होते का? समोरचा ते नाव ओठांनी दोन-तीनदा चावून बघायचा आणि मान हलवायचा. काका थँक्यू म्हणून कार्ड खिशात ठेवत. पुढचा रस्ता मग शांततेत जायचा, आणि खोटं कशाला बोलू, मला ते बरं वाटायचं.

एकदा मी काकूंना सहज विचारलं, काका अदिसला किती वर्षं होते? त्या मेथी निवडत होत्या. निवडता निवडता म्हणाल्या, "हे? हे कुठे गेले कधी? जाता-येता विमानाच्या खिडकीतूनही पाहिलं नाही."

मग त्यांनी वरच्या खोलीतून एक फाइल आणली. झिपलॉकच्या पिशव्यांत एकेक पत्र. काका चार वर्षांचे असताना वडील तिकडे गेले, आणि तिसऱ्या वर्षी तिथेच आजारपणात वारले. पत्रं काकांच्या आईला लिहिलेली. लाजरा माणूस असावा. बायकोला काय लिहावं हे न सुचून त्याने शहर लिहिलं होतं. डोंगर, झाडं, बाजार, घड्याळाची रीत, शाळेपासून खोलीपर्यंतचा नकाशा. शेवटी प्रत्येक पत्रात एकच ओळ, चि. बाळूस आशीर्वाद. मुलगा कसा आहे, चालतो-बोलतो कसा, त्याची आठवण येते, एक अक्षर नाही.

"पत्रं पाठ आहेत ह्यांना," काकू म्हणाल्या. "पण त्या माणसाला तिथे आपल्या पोराची आठवण यायची का, ते कोण सांगणार? जो भेटेल त्याला ते कार्ड दाखवतात ते ह्याच्यासाठी. मी म्हटलं, चला, जाऊन येऊ. तर म्हणतात, शहर मला ठाऊक आहे, शहर पाहून काय करू? माणूस पाहिजे."

आम्ही मंडळात ज्यांची नक्कल करून हशा मिळवत होतो ते हेच काका. मला माझीच लाज वाटली. नक्कल करणं मी तेव्हापासून सोडलं.

हिवाळ्यात आमच्याकडे फिरायला जागा एकच, मॉल. दुकानं उघडायच्या आधी म्हातारी माणसं आत फेऱ्या मारतात. गेल्या जानेवारीत काका म्हणाले, उद्या दोन वाजता. मी मनातल्या मनात सहा मिळवले आणि आठला गाडी काढली. मॉलमध्ये बुटांच्या दुकानासमोरच्या बाकावर पांढरी शाल घेतलेले एक गृहस्थ बसले होते. इथियोपियाचे, हे काकांनी लांबूनच ओळखलं. त्यांचं नाव तेस्फाये. अदिसचेच, सत्तरीच्या घरातले, मुलीकडे आलेले. काकांनी कार्ड पुढे केलं. त्यांनी चष्मा वर करून नीट वाचलं आणि सॉरी म्हणाले. हे नाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. काका थँक्यू म्हणून पुढच्या फेरीला निघून गेले.

माझा गुडघा दुखत होता, म्हणून मी बाकावर टेकलो. तेस्फायेंना बोलायला माणूस हवाच होता. ते म्हणाले, गणिताचे मास्तर आमचेही इंडियनच होते. बारीक, फार लाजाळू. मिस्टर गजानन.

मी उठून उभा राहिलो. एवढं शहर कोळून प्यायलेला माणूस. तिथे आडनाव नसतं हे त्यानेच आम्हाला माईकवरून सांगितलेलं, आणि इतकी वर्षं तो ज्याला त्याला आडनाव विचारत फिरत होता.

तेस्फाये हसून सांगत होते. मिस्टर गजानन यांच्या गणितात दरवेळी एकच पोरगा असायचा, बाळू. भागाकार असला की त्याची मजा. सतरा संत्री पाच जणांत वाटा. प्रत्येकाला तीन. दोन उरली. ती उरलेली कुणाची? मास्तर म्हणायचे, ती बाळूसाठी ठेवा, तो लांब आहे. नेहमीच. शेवटी सगळा वर्ग बाकीला बाळूच म्हणायला लागला. पुढे तेस्फायेंनी आपल्या मुलीलाही भागाकार तसाच शिकवला होता.

"आम्हाला वाटायचं, हा बाळू भलताच हावरट असणार," ते इंग्रजीत म्हणाले. "काय झालं असेल हो त्याचं?"

काका मॉलच्या दुसऱ्या टोकाला होते. मान खाली, हात मागे, तुरुतुरु चाल. फेरी पुरी करून यायला त्यांना चार-पाच मिनिटं लागली असतील. ते जवळ आले तेव्हा मी फक्त तेस्फायेंना म्हणालो, हाच तो बाळू. आणि काकांना म्हणालो, काका, बसा. गजानन म्हणून विचारायचं होतं.

तेस्फायेंनी सगळं पुन्हा सांगितलं. काका ऐकत राहिले. डोंगर नाही, उंची नाही. सांगून झाल्यावर त्यांनी टोपी काढली, डोळे पुसले, आणि शाळेतल्या पोरासारखं विचारलं, "अजून एक गणित आठवतं का?"

तेस्फायेंना आठवत होतं. तेवीस केळी, चार पोरं. प्रत्येकी पाच, बाळूला तीन. मग एकोणीस पेन्सिली. मग एकतीस लिंबं. बुटांच्या दुकानाचं शटर वर गेलं तरी दोघं बाकावर भागाकार करत बसले होते. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, आठवणीतली गणितं केव्हाच संपली होती. तेस्फाये आता मनानेच आकडे घालत होते, आणि प्रत्येक वेळी काहीतरी उरेल असेच घालत होते.