तारप्याकडे पाठ नको

बोईसरच्या एसटी स्टँडवर एका फौजदाराला मी उलटं चालताना पाहिलं आहे. अंगावर वर्दी, हातात दंडुका, आणि साहेब आपले चाचपडत, ठेचकाळत जीपपर्यंत उलटे गेले. लोक हसत होते, पण हसणारेही उलटेच चालत होते. कारण पिंपळाखाली लाडक्याबाबा तारपा वाजवत होता.

तारपा म्हणजे आमच्याकडच्या वारल्यांचं वाद्य. भोपळा, बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा लांबलचक कर्णा. तो वाजू लागला की नाचणारे भोवती फेर धरतात, पण त्याच्याकडे पाठ करायची नाही, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. पाड्यावर सगळे पाळतात. लाडक्याबाबाने तो एसटीच्या प्रवाशांनाही लावला होता!

कुणी पाठ फिरवली की हा फुंक थांबवून खेकसायचा, "पाठ नको, तोंड दाव!" कारखान्यांतले यूपी-बिहारचे कामगार बिचारे बॅगा सांभाळत उलटे गाडीत चढायचे.

"अरे बाबा, गिर जाऊंगा!"

"पड. पन तोंड दावून पड."

मी पालघरच्या एका दैनिकाचा बातमीदार. गटार तुंबलं, नळाला पिवळं पाणी आलं, शेजारच्या माहीमच्या वाडीत बिबट्या दिसला, यापलीकडे माझी लेखणी कधी गेली नव्हती. या वेड्यावर चार ओळी खरडाव्या म्हणून गेलो, तर त्याने गाल फुगवले. श्वास कधी घेत होता देव जाणे! एकदा लागलेला सूर तुटतच नव्हता. गाड्यांचे हॉर्न, कंडक्टरची आरडाओरड, सगळं त्यात बुडून गेलं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. बातमी राहिली बाजूला, मी तिथेच मांडी ठोकली. मंत्रीसंत्री पुष्कळ जवळून पाहिलेत मी, पण एवढा मोठा माणूस नाही पाहिला, शपथेवर सांगतो.

मग आमचा रोजचा चहा सुरू झाला. माझं नाव त्याने कधी विचारलं नाही. "ये पेपरवाल्या," की झालं. घर नाही, दार नाही, एक गाठोडं तेवढं. पाड्यावर का जात नाहीस, म्हणून एकदा विचारलं, तर तुटक बोलला, "पोरगा हितून गेला. गुजरातच्या बोटीवर, कामाला. मी वाजवत व्हतो, आन् तो पाठ करून गाडीत चढला. आला तं हितंच उतरंल."

त्याला किती वर्षं झाली, ते त्याने सांगितलं नाही. मलाही विचारवलं नाही.

त्याच्या डोक्यावर छप्पर यावं म्हणून मी जंग जंग पछाडलं. शेवटी पालघरचं एक मंडळ कबूल झालं. कार्यक्रमात वाजवायचं, सत्कार घ्यायचा, आणि आवारातली खोली बाबाला राहायला. पोरगा आलाच तर स्टँडवरचा चहावाला त्याला पालघरला धाडील, या बोलीवर बाबा कसाबसा तयार झाला.

सभागृहात त्याने सूर धरला आणि पहिल्या रांगेतल्या बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. तेवढ्यात प्रमुख पाहुण्यांना कौतुकाचं भरतं आलं. ते स्टेजवर चढले, बाबाकडे पाठ करून उभे राहिले आणि मोबाईल उंच धरून सेल्फी काढू लागले. मागोमाग अख्खं मंडळ. समोर हसरी तोंडं, आणि बाबापुढे नुसत्या पाठी.

सूर तुटला. "पाठ नको, तोंड दाव!"

पाहुण्यांना हाही कार्यक्रमाचाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबाने तारपा पिशवीत घातला, शाल खुर्चीवर ठेवली आणि मिळेल त्या गाडीने परत पिंपळ गाठला. खोली गेली ती गेलीच.

मी तणतणलो, "अरे, जरा वेळ डोळे मिटून वाजवलं असतंस तर काय बिघडत होतं?"

"मी मिटीन रं. तारप्याला दिसतं ना."



गेल्या महिन्यात माझी नाशिकला बदली झाली. त्याला सांगायला जीभ रेटेना. शेवटी जायच्या सकाळी बॅग घेऊनच गेलो. तो वाजवत होता.

"बाबा, मी चाललो नाशिकला. आता सुट्टीलाच येणं होईल."

त्याने वाजवणं थांबवलं. माझ्या बॅगेकडे बघत राहिला. मी सवयीने एक पाऊल मागे टाकलं, तर हात वर करून मला थांबवलं. मग गुडघ्यावर हात टेकत उठला आणि पिंपळाच्या बुंध्याकडे तोंड करून बसला. माझ्याकडे पाठ! ज्याने फौजदाराला सोडलं नाही, त्याने!

"हे काय रे बाबा?"

"गाडीत चढताना तुजी पाठ व्हनारच," तो बुंध्याकडे बघतच म्हणाला. "मंग पोरावानी व्हईल. त्यापरीस मीच फिरलो. आता तू पाठ नाय केलीस. तू येशील."

आणि त्याने गाल फुगवले.

मला रडू आवरेना, साफ सांगतो. त्याला दिसणार नव्हतं, तरी मी उलटाच चालत निघालो आणि धाडकन एका रिक्षावर आदळलो.

"अंधे हो क्या, साहब?" रिक्षावाला ओरडला. मग त्याने पिंपळाकडे पाहिलं. गुपचूप खाली उतरला, माझी बॅग उचलली आणि नाशिकच्या गाडीपर्यंत माझ्याबरोबर उलटा चालत आला.