भालूकाकांचं परराष्ट्र धोरण

भालूकाकांकडे जेवायला बसायचं तर भूगोल पक्का हवा. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर काचेखाली जगाचा नकाशा आहे, आणि कोणतं भांडं कुठे ठेवायचं ते काकाच ठरवतात. मी एकदा आमटीचं गरम पातेलं सुदानवर टेकवलं, तर म्हणाले, "उचल गं ते. तिथे आधीच काय कमी पोळलंय? सहारात ठेव, जागा आहे."

हैदराबादच्या चिक्कडपल्लीत आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहणारे हे निवृत्त भूगोल-मास्तर. शाळा सुटली, शिकवणं सुटलं नाही. मी नवा मोबाईल कौतुकाने दाखवायला गेले, तर हातात तोलून विचारतात, "याच्या बॅटरीतलं कोबाल्ट कुठलं?" मला काय माहीत, डोंबल. मग अर्धा तास काँगोच्या खाणी, चीनने बांधलेले रस्ते आणि अमेरिकेला मागाहून आलेला कळवळा. "एवढे पाहुणे एकाच गरिबाच्या घरी का जातात? त्याचं कोठार भरलेलं आहे म्हणून," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

भाजीवाल्या यादम्मालासुद्धा त्यांनी लिथियम समजावलंय. ती "हौ सार, हौ सार" म्हणत कोथिंबीर जास्त घालते. हसू येतं, पण खरं सांगते, परक्यांची इतकी जीव तोडून काळजी करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

ही काळजी नुसती तोंडाची नव्हती. काँगोचा जोसेफ खाणकामाचं शिकायला इथे आला, तेव्हा गल्लीत कुणी त्याला खोली देईना. काकांनी आपली मागची खोली दिली. चार वर्षं त्या पोराने गोंगुऱ्याची, म्हणजे आपल्या अंबाडीची, चटणी आणि काकांची भाषणं दोन्ही पचवली. मराठी समजायला लागलं, बोलायचा मात्र पक्कं हैदराबादी. मागच्या वर्षी तो मायदेशी गेला आणि वरती पुन्हा एकच ताट लागू लागलं.

गेल्या रविवारी मी वाटीभर शिरा घेऊन गेले, तर त्याचाच व्हिडिओ कॉल चालू होता. नोकरीची दोन पत्रं एकदम हातात पडली होती, एक चिनी खाणीचं, एक अमेरिकन. सोमवारी उत्तर द्यायचं, आणि घरात कमावता हा एकटा. "काका, किधर जाऊं? आप बोले वइच करतुं."

मी खुर्ची ओढली. म्हटलं, गेली आता दुपार. पण काकांनी चष्मा काढून पुसला. जन्मभर दोघांनाही झोडपलं, आता आपल्या पोराला कुणाच्या दारात उभं करायचं? चष्मा पुन्हा घातला. दोन्ही पत्रं वाचून दाखवायला लावली. खाणीत स्वतः उतरावं लागतं का, छताला आधार कसला, दवाखाना किती लांब, सगळं विचारलं. एकाही देशाचं नाव काढलं नाही.

"दोन्ही सारखीच दिसतायत रे," ते शेवटी म्हणाले. मग घसा खाकरला आणि माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, "मोठी रजा कोण देतं, जोसेफ? इथे येऊन चार दिवस राहता येईल एवढी?"