बोलायची नाहीत अशी नावं

बाळांनो, एका जंगलात एक वाघ राज्य करत होता. राज्य उत्तम चाललं होतं. तसं तो स्वतःच रोज सांगायचा.

एका उन्हाळ्यात ओढे आटले. पाणी उरलं ते फक्त राजाच्या तळ्यात. हरणं तिथे गेली आणि आम्हालाही पिऊ द्या, असं अदबीने म्हणाली. वाघाने लांडग्यांना खूण केली. संध्याकाळपर्यंत तळं लाल झालं.

दुसऱ्या दिवशी प्रधान कोल्ह्याने जाहीर केलं, की काही हरणं हवापालटासाठी डोंगरापलीकडे गेली आहेत. पाणी लाल दिसतंय ते शेवाळामुळे.

त्या तळ्यात तुळसाक्का नावाची म्हातारी कासवीण राहायची. तिने सगळं पाहिलं होतं. पाडसं पाण्यावर आली, की ती त्यांना सांगायची, कोण कुठे पडलं, कोणाचं नाव काय. तिला भीती वाटत नव्हती असं नाही. सांगताना तिची निम्मी मान कवचातच असायची.

कोल्हा तिला भेटायला आला. या वयात भास होतात, असं म्हणून त्याने राजवैद्याचं औषध देऊ केलं.

"भास असता तर बरं झालं असतं, प्रधानजी," तुळसाक्का म्हणाली. "हरणं सकाळी परत आली असती."

कासवाला तुरुंग लागत नाही. लांडग्यांनी तिला उन्हात, खडकावर उताणं टाकलं. सरकारी भाषेत याला विश्रांती म्हणत. तरी ती जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत राहिली. शेवटी घसा सुकला आणि आवाज गेला.

पण वाघाला चैन पडेना. त्याने हुकूम काढला, की तुळसाक्का जे बोलली ते कोणीही बोलू नये. यावर एका अस्वलाने नम्रपणे विचारलं, की ती नेमकं काय बोलली? माहीत नसलं तर चुकून तोंडून जायचं.

कोल्ह्याला हे पटलं. माकड वस्तीवस्तीत दवंडी पिटू लागलं, की लांडग्यांनी तळ्यावर हरणं मारली असं बोलायला बंदी आहे. अमक्याचं आणि तमकीचं नाव घ्यायलाही बंदी आहे.

रेवती नावाची हरिणी दरबारात आली. तिचा नवरा तळ्यावर मारला गेला होता. तो हवापालटाला गेलाय, असं तिने लांडग्यांसमोर मुकाट्याने कबूल केलं होतं. आताही तिने मान खालीच ठेवली.

"प्रधानजी, दवंडीत माझ्या नवऱ्याचं नाव राहिलंय. माझ्या तोंडून चुकून गेलं तर? त्याचं नाव चंदन."

असा आज्ञाधारकपणा कोल्ह्याला फार आवडला. दुसऱ्या दिवशी दरबाराबाहेर आज्ञाधारक हरणांची रांग लागली. शाळेत पाडसांकडून बंदीची नावं पाठ करून घेऊ लागले. एखादं विसरलं, तर लांडगे मास्तर छडी मारत.

दवंडीच्या गलबल्यात रेवतीने खडकावर जाऊन तुळसाक्काला तोंडाने ढकलत सुलटं केलं. म्हातारीचं पोटाकडचं कवच भाजून निघालं होतं. ती डोळे मिटून दवंडी शेवटपर्यंत ऐकत राहिली.

मग रेवतीच्या कानाशी पुटपुटली, "कस्तुराचं नाव राहिलंय. उद्या जाऊन सांग."

तात्पर्य: खरा इतिहास जपायचा असेल, तर ते काम कडक सरकारकडे सोपवावं. कोणाला विसरू म्हणून देत नाही.