ठमीच्या मैत्रिणींची तपासणी

पंपांच्या कारखान्यात माल तपासून पास-नापास करणाऱ्या एका तपासनिसाचा पाय रविवारी सकाळी मुलीच्या खेळण्यातल्या गाडीवर पडला आणि घरात सुधारणेला सुरुवात झाली. "संख्या नको, दर्जा हवा," असं जाहीर करून त्यांनी त्रेसष्ट खेळण्यांतली चार ठेवली. चारही लाकडी, चारही शैक्षणिक. सहा वर्षांच्या ठमीने ती तासाभरात खेळून संपवली आणि ती जिन्यात मैत्रिणींकडे पळाली.

मैत्रिणी सात आहेत, हे तपासनिसांच्या तेव्हाच लक्षात आलं.

"सातजणींचं करायचं काय? एकच हवी, पण चांगली," ते बायकोला म्हणाले.

"तिचं लग्न ठरवतोयस का?" बायकोने शेंगा सोलता सोलता विचारलं.

सातही जणींना जेवणाच्या टेबलाशी एकेक करून बोलावण्यात आलं. तळमजल्यावरची गोटी पहिली.

"काय खेळता तुम्ही?"

"ठरलेलं नसतं, काका. आधी भांडतो, मग सुचतं."

'कार्यपद्धतीचा अभाव' असा शेरा मारून गोटीला नापास करण्यात आलं. बाकीच्या सहाजणींचे गुडघे फुटलेले निघाले. अखेर पलीकडच्या इमारतीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या मुलीची निवड झाली. ती न सांगता हात धूत असे.

शनिवारी चार ते सव्वापाच दर्जेदार खेळ झाला. डॉक्टरीणबाई आणि तपासनीस मांडीवर वह्या घेऊन सोफ्यावर बसले होते. ठमीने ठोकळ्यांचा मनोरा रचला, पाडला आणि खो खो हसली. पाहुणीने हसावं की नाही हे विचारायला आईकडे पाहिलं.

सोमवारी डॉक्टरीणबाईंचा निरोप आला. 'आपली मुलगी हसताना आवाज करते. तूर्त प्रतीक्षायादीत तिसरी आहे.'

तपासनिसांना जेवण गेलं नाही. त्यांनी पास केलेला माल आजवर कधी परत आला नव्हता. शेवटी ठमीला जवळ घेऊन त्यांनी सगळं सांगितलं.

"म्हणजे मी नापास?"

"हो गं, बाळा."

"मग आता गोटीकडे जाऊ?"

उत्तराची वाट न पाहता ती गेलीसुद्धा. जिन्यात आठजणींचं भांडण जुंपलं, म्हणजे खेळ सुरू झाला. तपासनीस कठड्याशी बराच वेळ ऐकत उभे राहिले. त्यांना मागच्याच गल्लीत राहणारा आपला शाळेतला मित्र आठवला. गलबलून त्यांनी निरोप धाडला, 'पुढच्या महिन्यात दुसऱ्या रविवारी पाच ते सहा मोकळा आहेस का?'

'बघून कळवतो,' असं उत्तर आलं.

वाचकांनी हसण्यापूर्वी, आपला मित्र न कळवता आपल्या दारात शेवटचा कधी उभा राहिला होता, ती तारीख आठवावी. तारीख आठवत नसल्यास अंदाजे वर्षही चालेल.