काड्यांचा पूल आणि कपाटातली मी

गुन्हेगार ओळखावा तर मी! मी पहिलीची बाई; वर्गात कुणी कुणाचं खोडरबर ढापलं, हे मी नुसते कान किती लाल झालेत त्यावरून सांगते. त्यामुळे आमचा पूल मोडायला लागला तेव्हा म्हटलं, हा तर माझ्या डाव्या हातचा मळ!

आइस्क्रीमच्या काड्या नि डिंक घेऊन मुलांनी दोन बाकांमध्ये पूल बांधला होता. त्यावरून खेळण्यातली मोटार न्यायची, तीही शनिवारी, पालकांसमोर! पण रोज सकाळी बघावं, तर पूल दमलेल्या म्हशीसारखा मध्येच बसलेला. मुलांचे ओठ थरथरायला लागायचे. पुन्हा डिंक, पुन्हा काड्या!

पहिला संशय चित्रकलेच्या सरांवर. "पूल छान आहे हो, पण टिकेल का?" असं त्यांनी विचारलं होतं. सरळ मनाचा माणूस असं विचारतो? मग शिपाईमामा. ते झाडताना शीळ घालत होते. शीळ!

शेवटी शाळा सुटल्यावर मी वर्गातल्या कपाटात लपले. गुडघे कानाशी, तक्त्यांच्या गुंडाळ्या डोक्यावर. वर्गाचं दार करकरलं. फटीतून पाहते तर साक्षात मुख्याध्यापिका! ज्यांना पाहून पळणारी मुलं जागच्या जागी खांब होतात, त्या बाई! त्यांनी चपला काढल्या, उकिडव्या बसल्या आणि मोटार पुलावरून नेली.

"घुर्रर्र... पों पों!"

मग पुलावर डबा ठेवला. पूल टिकला. मग पर्स ठेवली. काडकन!

"आजही गेला मेला!" त्या पुटपुटल्या.

"थांबा!" मी आतून ओरडले. पण कपाटाची कडी अडकलेली! मी धडाधड दार बडवलं.

"भूत!" बाई किंचाळल्या.

सर आणि मामा धावत आले. मामांनी हिसका देताच मी तक्त्यांसकट जमिनीवर. समोर मोडका पूल.

"बाई, तुम्ही?" सर मला म्हणाले. "म्हणजे रोज..."

"अहो, मी पकडायला बसले होते!"

"कुणाला?"

मी मुख्याध्यापिकांकडे पाहिलं. मोटार पाठीमागे लपवलेली, कान लालभडक, आणि डोळ्यांत 'सांगू नका ना' असे भाव.

"झुरळाला," मी म्हटलं.

कुणाचाही विश्वास बसला नाही. सकाळपर्यंत, पूल मीच मोडते, ही बातमी मुलांपर्यंत पोचली. त्यांनी माझ्याकडून डिंकाची बाटली काढून घेतली आणि पुलाखाली तिरक्या काड्या लावून त्रिकोणच त्रिकोण केले. शनिवारी मोटार ऐटीत पलीकडे गेली. टाळ्या! नेली कुणी? अर्थात मुख्याध्यापिकांनी, पाहुण्या म्हणून!

मी? मला मुलांनी शेवटच्या बाकावर बसवलं होतं. नीट दिसावं म्हणून जरा पुढे वाकले, तर शेजारी पहाऱ्याला बसवलेली चिमुरडी डोळे वटारून म्हणाली, "बाई, हाताची घडी, तोंडावर बोट!"

घातली घडी. करते काय!