सतरा नंबरचा खांब

लेकीच्या लग्नाला मांडवाच्या दारी केळीचे खांब लागतात, हे रावेरकडच्या माणसाला कोणी सांगावं लागत नाही. पण पितांबर पाटील कोयता घेऊन वावरात नुसते उभे होते. चांगलं झाड तोडायचं म्हणजे महिन्याभरात उतरणारा घड गमवायचा. केळीवाल्याचा हात अशा वेळी लेकीच्या लग्नातही थांबतो.

"मंग लाल पट्ट्याचे तोडा," त्यांची बायको लताबाई म्हणाल्या. "ते तर तसेही जाणारच हायेत."

लाल पट्ट्याची तेवीस झाडं होती. पाचच दिवसांपूर्वी कृषी सहायक आले, पानांवरच्या पिवळ्या रेघा पाहिल्या आणि म्हणाले, हा हरण्या रोग. याला औषध नाही. त्यांनी प्रत्येक रोगट झाडाच्या बुंध्याला लाल पट्टा मारून नंबर टाकला आणि पितांबरभाऊंच्या हातात नोटीस दिली. सात दिवसांत झाडं उपटून, चुना टाकून गाडायची. या वावरातलं पान, खोड, कंद काहीही बाहेर न्यायचं नाही. नेलं तर दंड किंवा कैद, किंवा दोन्ही. पितांबरभाऊंनी नोटीस दोनदा वाचली, देवघरात ठेवली आणि देवावर सोपवली.

सतरा आणि अठरा नंबरची झाडं त्यातल्या त्यात देखणी होती. रेघांची पानं छाटली, लाल पट्ट्यावर झेंडूच्या माळा गुंडाळल्या आणि खांब मांडवाच्या दारी उभे राहिले. चाळीसगावहून आलेलं वऱ्हाड नुसतं बघत राहिलं.

लग्नाच्या सकाळी नवरदेवाचे वडील, प्रेमराजभाऊ, एका चष्मेवाल्या गृहस्थांना घेऊन आले. "हे आमचे मेहुणे, नवरदेव नवीनचे मामा. अभिमन साहेब. धुळ्याला कृषी खात्यात आहेत. रोगट झाडं लपवणाऱ्यांवर खटले भरतात."

"कायदा म्हणजे कायदा," मामा नम्रपणे म्हणाले. "मी सख्ख्या भावालाही सोडत नाही."

पितांबरभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. लेक चारुलताची पाठवणी आणि आपली पाठवणी एकाच दिवशी होते की काय, अशी धास्ती त्यांना बसली. वरातीच्या गाडीमागे पोलिसांची गाडी, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. ते लताबाईंना गाठायला धावले, तर त्या कोपरापर्यंत मातीने भरलेले हात धूत होत्या. "मले आत्ता काही सांगू नका," म्हणून त्यांनी वाटेला लावलं.

परत येऊन बघतात तर शेजारची बकरी सतराव्या खांबाची माळ निवांत चघळत होती. लाल आकडा उघडा पडला होता. पितांबरभाऊंनी बकरी हाकलली आणि खांबाला पाठ लावून उभे राहिले.

"बसा ना, भाऊ," प्रेमराजभाऊ म्हणाले.

"नाही. मुलीच्या बापानं दारात उभं राहाचं, आमच्यात तसंच असते."

हे ऐकून प्रेमराजभाऊ ओशाळले. मुलीचा बाप उभा असताना आपण बसायचं कसं? ते समोरच्या अठराव्या खांबाला टेकून उभे राहिले. दोन व्याही असे द्वारपालांसारखे अर्धा तास उभे होते आणि पाहुणे दोघांना नमस्कार करून आत जात होते.

पाय भरून आल्यावर पितांबरभाऊंनी मामांच्या सत्कारासाठी आणलेली शाल मागवली आणि घाईघाईने खांबाला गुंडाळली. ती नवरदेवाच्या आत्या ताईबाईंनी पाहिली. "यांच्यात खांबाची पूजा दिसते," असं म्हणत त्यांनी शालीला हळदकुंकू लावलं. मग मागे रांगच लागली. कोणी नारळ ठेवला, कोणी ओवाळलं. आपल्याकडे कोणी विचारत बसत नाही, पुढच्याने केलं की झालं.

रांगेच्या शेवटी अभिमनमामा होते. त्यांनी वाकून खांबाला हात लावला आणि शाल सुटून त्यांच्याच हातात आली.

मामांनी आकडा वाचला. कापलेल्या पानांचे देठ पाहिले. मग ते हळू आवाजात म्हणाले, "पितांबरभाऊ, हे खांब कुठल्या वावरातले?"

"मागच्या." पितांबरभाऊंनी हात जोडले. "साहेब, जे काय कराचं ते करा. फक्त पोरीच्या अक्षता पडू द्या."

मामांनी घाम पुसला. "सकाळी लताताईंनी मला चार कंद दिले. मीच मागितले होते, बंगल्यामागे लावायला. ते कुठले?"

"मले वावर एकच हाय."

मामांनी वळून आपल्या गाडीकडे पाहिलं. कंद त्यांच्या गाडीच्या डिकीत होते, आणि गाडी सरकारी होती.

"फावडं आहे का?" त्यांनी विचारलं.

थोड्या वेळाने भटजी लाऊडस्पीकरवर ओरडत होते, "मुलाचे मामा, मुलीचे वडील, कुठे असाल तिथून या. मुहूर्त टळतो आहे." ते दोघे फेटे सांभाळत मागच्या वावरात खड्डा बुजवत होते. दोन्ही खांब, कंद, चुना आणि घाईत शालसुद्धा आत गेली. मंगलाष्टकांना मामा नवरदेवामागे उभे राहिले, तेव्हा त्यांच्या कोपरापर्यंत माती होती. लताबाईंनी ती पाहिली आणि पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, लेक जाते म्हणून रडतात.

नोटिशीच्या सातव्या दिवशी कृषी सहायक तपासायला आले. बाकीची एकवीस झाडं गाडलेला मोठा खड्डा त्यांनी पाहिला, मग शेजारचा छोटा उकरायला लावला. "तेवीस बरोबर भरली. पण हे चार कंद? आणि ही शाल कुणाची?"

"परत आलेला आहेर हाय, साहेब."

"असं कसं लिहू? अहवाल धुळ्याला अभिमन साहेबांकडे जातो. फार कडक माणूस. एकेक वस्तू विचारतात."

"लिहा तुम्ही," पितांबरभाऊ शांतपणे म्हणाले. "हे नाही विचारणार."