डालड्याच्या डब्याची काजळी

"अहो, बघा तरी कसा लख्ख निघाला!" शैलाताईंनी डालड्याचा जुना डबा खिडकीतल्या उन्हात धरला आणि गोपाळकृष्णांनी ओठांपर्यंत नेलेला चहाचा कप तसाच खाली ठेवला.

तो डबा म्हणजे त्यांच्या भटक्यांच्या वस्तुसंग्रहालयाचा जीव की प्राण. कर्जत स्टेशनाच्या पार्सल ऑफिसात नोकरी करता करता, फलाटावर येऊन-जाऊन राहणाऱ्या, घर ना दार अशा माणसांच्या मागे राहिलेल्या वस्तू त्यांनी जमवल्या होत्या. टायरच्या तळव्याच्या चपला, अकरा सदऱ्यांची ठिगळं जोडलेली गोधडी, लोखंडी कडीची काठी आणि कुणीतरी तीस वर्षं चहा उकळून काळा ठिक्कर केलेला हा डबा. निवृत्तीनंतर वाचनालयामागची एक खोली पालिकेकडून मिळाली आणि हा सगळा संसार तिथे मांडला गेला. पण आता पालिकेला तीच खोली मोडक्या खुर्च्या ठेवायला हवी होती. मुंबईहून संग्रहालय खात्याच्या हर्षला मॅडम आज अकराला तपासणीला यायच्या होत्या. त्यांनी 'हे संग्रहालय आहे' असा शेरा दिला तर खोली राहणार, नाहीतर खुर्च्या आत आणि गोधडी बाहेर. मॅडमनी पत्रात मुद्दाम लिहिलं होतं, 'फोटोतला काजळी धरलेला डबा प्रत्यक्ष पाहायचा आहे.'

"कुणी सांगितलं होतं घासायला?"

"सांगायला कशाला हवं? मुंबईचं माणूस येणार आणि त्याच्यापुढे असली खरकटी भांडी मांडायची? चिंच लावली, राख लावली, हात मोडले माझे. कौतुक राहिलं बाजूलाच!"

तीस वर्षांची काजळी मोरीतून वाहून गेली होती. दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. पण गोपाळकृष्णांनी एकदा हरवलेल्या आंब्याच्या पेटीसाठी पुण्यापर्यंत पत्रव्यवहार केला होता, आणि आंबे सडून नुसती पेटी हाती आली तेव्हाच ते थांबले होते. त्यांनी घड्याळ पाहिलं. साडेआठ.

"तीस वर्षांची ना? अडीच तासांत धरवून दाखवतो."

खोलीबाहेरच्या अंगणात तीन विटा मांडल्या गेल्या. शेजारच्या बेकरीतून मुनाफभाईंनी लाकडं दिली. जाळ झकास लागला, पण डबा जरासा तांबूस होण्यापलीकडे काही होईना.

"काका, माझी लाकडं सुकी आहेत. धूर कुठून येणार?" मुनाफभाई म्हणाले. "ओली टाका."

ओली टाकली. मग धूर असा झाला की वाचनालयातली सगळी मंडळी खोकत बाहेर आली आणि कुणीतरी पाण्याची बादली घेऊन धावलं. गोपाळकृष्ण डब्यावर आडवे पडायचेच बाकी होते. "पाणी नको! काजळी बसतेय!" ते ओरडले. लोकांना वाटलं, धूर डोक्यात गेला.

साडेनऊला डबा काळा झाला. गोपाळकृष्णांनी तो मोठ्या प्रेमाने उचलला. काजळी सगळी त्यांच्या पंजाला आली आणि डब्यावर पाच बोटं लख्ख उमटली.

"चहा हाय का?"

फाटकात एक माणूस उभा होता. पिकलेली दाढी, खांद्यावर गाठोडं.

"नाही हो," गोपाळकृष्ण वैतागून म्हणाले.

"धूर दिसला. म्हनलं, कुनीतरी आपल्यातलंच हाय." तो खुशाल विटांपाशी बसला. गाठोड्यातून त्याने चहाची पुडी काढली, गूळ काढला आणि शेवटी एक डबा काढला. काळा कुळकुळीत. गोपाळकृष्णांची नजर तिथेच खिळली. त्यांनी हळूच बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही.

"एका सकाळीत बसत नाय ती," माणूस हसला. "रोज नवी चूल, रोज नवं लाकूड. तवा बसते."

त्याचा चहा उकळत होता आणि बुडातून थेंब थेंब विस्तवावर चुरचुरत होता. गोपाळकृष्णांनी चहा घेतला आणि त्या काळ्या डब्याच्या सौद्याला हात घातला. शैलाताईंनी घरून झाकणाचा स्टीलचा डबा आणला. माणसाने मान हलवली.

"स्टील दिसलं की पोलीस इचारतो, कुठनं उचललंस?"

मग थर्मास आला.

"नवी वस्तू उशाशी असली की झोप लागत नाय, ताई."

शेवटी त्याने संग्रहालयाचाच डबा उचलला, पुसला, पाण्याने भरला आणि वर धरून पाहिला. थेंब पडला नाही. "ह्यो द्या. माझा गळतो. तुमाला काय, शोभेलाच ठेवायचा!"

डबे बदलले गेले आणि माणूस चालता झाला.

अकराला हर्षला मॅडम आल्या. त्यांनी काचेमागचा डबा बाहेर काढवला, रुमालाने घासला, रुमाल पाहिला. पांढरा स्वच्छ. "अस्सल आहे," त्या खूश होऊन म्हणाल्या. "वापरणाऱ्याचं नाव?"

"ते विचारायचं राहिलं," गोपाळकृष्ण म्हणाले.

"नाव-गाव नसेल तर ते भंगार, सर. नोंद असेल तर संग्रहालय. मी एक वाजेपर्यंत आहे."

गोपाळकृष्ण स्टेशनाकडे पळत सुटले. पळता पळता त्यांना स्वतःचीच लाज वाटली. एवढ्या वर्षांत त्यांनी चपला मोजल्या, ठिगळं मोजली, पण एकाही माणसाला नाव विचारलं नव्हतं. आजच्या माणसाला तर त्याच्याच हातचा चहा पिऊनही नाही.

तो फलाटाच्या टोकाला खोपोलीच्या गाडीची वाट पाहत बसला होता.

"नाव सांगा तुमचं," गोपाळकृष्ण धापा टाकत म्हणाले. "नाहीतर खोली जाते."

"लिवलं की कुनीतरी हुडकत येतं." माणसाने जरा विचार केला. "तुमचं काय?"

"गोपाळकृष्ण."

"चांगलं हाय. तेच लिवा. आजपासून माझंबी तेच."

"अहो, असं कसं?"

"डबा बदलला, मग नाव बदलायला काय जातंय?"

"आणि गाव?"

"गाव असतं तर डबा कशाला लागला असता?"

गाडी आली, तो चढला. पावणेएकला गोपाळकृष्णांनी ठळक अक्षरांत कार्ड लिहिलं: 'वापरणारा: गोपाळकृष्ण. गाव: नाही. सतत फिरता.'

"हे तर तुमचं नाव," मॅडम म्हणाल्या.

"त्यांचंही तेच आहे. त्यांनीच सांगितलं," गोपाळकृष्ण म्हणाले, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मॅडमनी सही केली. खोली राहिली. मुनाफभाईंनी नानकटाई वाटली.

मॅडमची गाडी गेल्यावर शैलाताईंनी चष्मा लावून ते कार्ड वाचलं. पुन्हा एकदा वाचलं.

"लग्नाआधी हे कार्ड माझ्या बाबांना दाखवलं असतंत," त्या म्हणाल्या, "तर मी सुटले असते."